आपला माणूस, त्यांचा खासदार

11,311. 12,341. 15,096. 6,554. 3,021.

एका माणसाची एका मतदारसंघातली अख्खी निवडणूक-कारकीर्द या पाच आकड्यांत मावते. लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघात 1922, 1923, 1924, 1929 आणि 1931 या पाच सार्वत्रिक निवडणुकांत शापुरजी सकलातवाला यांना पडलेली ही मतं. पहिल्या खेपेला जिंकले. दुसऱ्या खेपेला हजारावर मतं वाढली, तरी पडले. तिसऱ्यांदा पुन्हा जिंकले. चौथ्यांदा तिसऱ्या नंबरावर, आणि पाचव्यांदा डिपॉझिट जप्त.

निकालांचे तक्ते वाचायचा नाद मला वडिलांकडून आला. मोजणीच्या दिवशी ते रेडिओजवळ वही घेऊन बसायचे. डावीकडे मतदारसंघ, उजवीकडे आघाडी, आणि मधे त्यांची स्वतःची फुल्यांची भाषा, जी दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नसे. आई म्हणायची, "एवढा अभ्यास केला असतात तर कलेक्टर झाला असतात." ठाण्याच्या त्या घरात सकलातवालांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका ओळीत: टाटांचा भाचा, मुंबईचा पारशी, कम्युनिस्ट, आणि तरी लंडनच्या गोऱ्या लोकांनी त्याला पार्लमेंटात पाठवला! वाक्याच्या शेवटी छाती थोडी पुढे यायची.

नोकरीनिमित्त बॅटरसीतच राहायला आल्यावर हे वाक्य मीही पाहुण्यांना ऐकवलेलं आहे. जोडीला दादाभाई नौरोजींचे सेंट्रल फिन्सबरीचे पाच मतांचे मताधिक्य, 1892. मग मंचरजी भावनगरी, बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्ट, 1895, हुजूर पक्ष. तिघेही मुंबईशी बांधलेले पारशी, तिघांचे पक्ष तीन. उदारमतवादी, हुजूर, कम्युनिस्ट. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण तक्ते जवळून वाचायला लागलं की या गोष्टीतला 'आपला माणूस' हळूहळू मागे सरकतो आणि पुढे येते ती बॅटरसी. मला आता तीच जास्त भावते.

थेम्सच्या दक्षिण काठावर भाज्यांचे मळे होते तिथे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. नाइन एल्म्सला इंजिनांचे कारखाने, नदीकाठी मेणबत्त्या, गॅस, पिठाच्या गिरण्या. 1901 च्या जनगणनेत बॅटरसीची लोकसंख्या 1 लाख 69 हजारांच्या आसपास होती. आयरिश लोक बरेच. 1885 मध्ये इथे स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि 1892 मध्ये इथून जॉन बर्न्स निवडून आला. बर्न्स मूळचा इंजिनिअरिंग कामगार, 1889 च्या गोदी संपाचा पुढारी. त्या काळी खासदाराला पगार नसे, तो 1911 मध्ये सुरू झाला. म्हणजे घरची गडगंज इस्टेट असेल त्यानेच पार्लमेंटात बसावं, असा सरळ हिशेब. बॅटरसीच्या कामगारांनी वर्गणी काढून बर्न्सचं पोट भरलं. चंदा गोळा करून पुढारी पोसायची पद्धत आपल्याला नवी नाही. इथे फरक एवढाच की पुढारी त्यांच्यातलाच होता आणि वर्गणी देणाऱ्याला आपण कशासाठी देतोय ते नेमकं ठाऊक होतं. हा बर्न्स पुढे 1905 मध्ये मंत्री झाला आणि 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्धाला विरोध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडला. मंत्रिपदाच्या मधल्या वर्षांत त्याने जुन्या सोबत्यांना बरंच निराश केलं, पण ती वेगळी गोष्ट.

लॅचमियर वसाहत मात्र सांगायलाच हवी. 1903 मध्ये बॅटरसी नगरपालिकेने कंत्राटदार बाजूला ठेवून, स्वतःचे गवंडी-सुतार लावून कामगारांसाठी घरं बांधली. लाल विटांची, बुटकी, अजून उभी आहेत आणि अजून लोक राहतात. रस्त्यांची नावं बघा: फ्रीडम स्ट्रीट, रिफॉर्म स्ट्रीट, बर्न्स रोड. आणि एक जूबेर स्ट्रीट. जूबेर म्हणजे बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेला सेनापती. युद्ध संपून वर्ष झालं असेल-नसेल आणि लंडनच्या एका नगरपालिकेने शत्रूच्या सेनापतीचं नाव रस्त्याला दिलं. मी त्या पाटीखाली उभी राहून फोटो काढत होते तेव्हा शेजारच्या घरातल्या बाईंनी कचऱ्याचा डबा बाहेर ओढता ओढता विचारलं, "घर विकत घ्यायचंय का?" पाटीत बघण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

याच लॅचमियरमध्ये 1906 मध्ये एका तपकिरी कुत्र्याचा पुतळा बसवला होता, प्रयोगशाळेत जिवंतपणी चिरफाड झालेल्या कुत्र्याच्या स्मरणार्थ. त्यावरून वैद्यकीय विद्यार्थी आणि बॅटरसीचे लोक रस्त्यावर हातघाईवर आले. 1910 मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी पुतळा रातोरात उचलला. गावाचा स्वभाव कळायला एवढं पुरे. लॅव्हेंडर हिलवरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये आता नाटकं होतात. तिथल्या फरशीत मधमाश्या जडवल्या आहेत. पालिकेचं लॅटिन ब्रीद होतं त्याचा मथितार्थ असा की माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी.

त्या टाउन हॉलमध्ये 1913 च्या नोव्हेंबरात महापौराची निवड झाली. जॉन आर्चर, 40 मतं. विरोधी उमेदवार, 39. आर्चर लिव्हरपूलचा, बाप बार्बाडोसचा, आई आयरिश. बॅटरसी पार्क रोडवर त्याचा फोटो स्टुडिओ होता. लंडनमधला हा पहिला कृष्णवर्णीय महापौर. वर्तमानपत्रांनी त्याच्या जन्मगावाबद्दल वाटेल ते छापलं, कुणी त्याला ब्रह्मदेशचा केला. मला त्या चाळिसाव्या मताचं कुतूहल आहे. ज्याने ते दिलं त्याने काय विचार केला असेल? बहुधा फार काही केला नसेल. आर्चर आपल्या आघाडीचा होता, आघाडीने ठरवलं होतं, हात वर केला.

आर्चर लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

1918 मध्ये दोन गोष्टी झाल्या. बॅटरसीचे नॉर्थ आणि साउथ असे दोन तुकडे पडले. शिवाय मताधिकार पसरला: एकवीस वर्षांवरचे जवळजवळ सगळे पुरुष, आणि तिशीच्या वरच्या, घरदार किंवा घरमालक नवरा असलेल्या बायका. त्याआधी दर पाच पुरुषांतल्या दोघांना मतच नव्हतं, हे आपण विसरतो. कारखान्यांच्या उत्तरेकडच्या तुकड्यात मजूर पक्षाने पहिल्याच निवडणुकीत उमेदवारी दिली ती शार्लट डेस्पार्ड यांना. वय 74. नाइन एल्म्सच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं राहिलेल्या, बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या, युद्धविरोधी बाई. सख्खा भाऊ फील्ड मार्शल सर जॉन फ्रेंच, महायुद्धात ब्रिटिश फौजेचा सेनापती! युद्ध संपून महिना झालेला, आणि बाई शांततेची भाषा बोलत होत्या. सरकारच्या बाजूच्या रिचर्ड मॉरिसने त्यांच्या जवळपास दुप्पट मतं घेतली. व्हायचं तेच झालं, पण उमेदवारी देणाऱ्यांची नजर बघा.

तर 1922 मध्ये सकलातवालांचं नाव आलं ते या गावात, या माणसांपुढे. म्हणूनच 'त्यांनी चक्क एका हिंदी माणसाला निवडून दिलं' यातला 'चक्क' मला खटकू लागला. रस्त्याला जूबेरचं नाव, महापौर आर्चर, उमेदवार डेस्पार्ड, मग सकलातवाला. ओळीने वाचलं की त्यात धक्का बसण्यासारखं उरत नाही.

सकलातवालांचा जन्म 1874, मुंबई. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. सेंट झेवियर्सला शिकले. प्लेगच्या साथीत लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्याबरोबर काम करताना मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्या त्यांनी आतून पाहिल्या. टाटांसाठी लोखंड-कोळशाच्या शोधात जंगलं तुडवली. 1905 मध्ये तब्येतीच्या कारणाने इंग्लंडला आले, डर्बीशरमधल्या मॅटलॉकला उपचार घेताना तिथे काम करणाऱ्या सारा मार्श या मुलीशी ओळख झाली आणि 1907 मध्ये लग्न. टाटांच्या लंडन कचेरीत नोकरी, आणि संध्याकाळी समाजवाद्यांच्या सभा. 1921 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. राहायचे उत्तर लंडनमध्ये, हायगेटला. म्हणजे बॅटरसीच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण त्यांचा रंग ही नसून आपल्याकडे जिला 'बाहेरचा उमेदवार' म्हणतात ती असायला हवी होती. तीही आड आली नाही, कारण त्यांचा निवडणूक एजंट होता जॉन आर्चर.

एजंट या माणसाला इथे कायद्याने वजन आहे. 1883 च्या कायद्यापासून उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आली आणि त्या हिशेबाची जबाबदारी एजंटच्या डोक्यावर. पण हिशेब हा कामाचा लहान भाग. कुठल्या गल्लीत कोण आपलं, कुणाला संध्याकाळच्या पाळीआधी गाठायचं, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे आणि त्याला मतदानाला कसं न्यायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. आर्चर तिथे सोळाएक वर्षं नगरपालिकेच्या राजकारणात मुरलेला. 15 नोव्हेंबर 1922 ला सकलातवाला 2,021 मतांनी जिंकले. उमेदवार कम्युनिस्ट, पाठिंबा मजूर पक्षाचा. तेव्हा तसं चालायचं.

विरोधात हेन्री हॉगबिन. या गृहस्थाबद्दल कुणी लिहीत नाही, पण तक्त्यात त्याच्यासारखा मजेशीर माणूस नाही. 1922 मध्ये राष्ट्रीय उदारमतवादी. 1923 मध्ये नुसता उदारमतवादी. 1924 मध्ये 'संविधानवादी'. माणूस एक, मतदारसंघ एक, पाट्या तीन. 1922 मध्ये आणखी एक उदारमतवादी उभा होता, त्याने सतराशेवर मतं खाल्ली. 6 डिसेंबर 1923 ला सरळ लढत झाली आणि हॉगबिन 186 मतांनी निवडून आला. म्हणून तर मतं वाढूनही सकलातवाला पडले. मतविभागणी या गोष्टीवर आपल्याकडे निकालाच्या रात्री जे तज्ज्ञ तासन्‌तास बोलतात त्यांनी हे दोन तक्ते शेजारी शेजारी लावावेत, अर्ध्या मिनिटात काम होईल.

1924 चा निकाल माझा लाडका. मजूर पक्षाने मतदानाच्याच महिन्यात ठराव केला होता की कम्युनिस्टांना यापुढे पक्षाची उमेदवारी नाही. बॅटरसीच्या स्थानिक शाखेने तो ठराव वाचला आणि सकलातवालांच्याच प्रचाराला लागली. मतदान 29 ऑक्टोबरला. 25 तारखेला वर्तमानपत्रात सोव्हिएत पुढारी झिनोव्हिएव्हचं म्हणून एक पत्र छापून आलं, मॉस्कोहून ब्रिटनमध्ये बंड करायची चिथावणी देणारं. ते बनावट होतं हे पुढे मान्य झालं, पण चार दिवसांत देशभर लाल बागुलबुवा उभा राहिला. मजूर पक्ष 151 जागांवर घसरला. आणि त्याच आठवड्यात बॅटरसी नॉर्थने पेन्सिलीने फुली मारून कम्युनिस्ट माणसाला 542 मतांनी परत पाठवला. त्या पार्लमेंटातला तो एकटा कम्युनिस्ट.

पुढची पाच वर्षं भरगच्च आहेत. 1925 मध्ये ब्रिटिश खासदारांच्या शिष्टमंडळातून वॉशिंग्टनला जायचं होतं, अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. आज अमेरिकेची भलीमोठी काचेची वकिलात नाइन एल्म्सलाच आहे आणि व्हिसाची रांगही तिथेच लागते. 1926 च्या मे दिनी हाइड पार्कमध्ये भाषण केलं, सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत म्हणून. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, त्यांनी नाकारला, दोन महिने वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात काढले. 1927 च्या सुरुवातीला हिंदुस्थानचा दौरा केला, गांधीजींना उघड पत्र लिहिलं, त्यात 'महात्मा' म्हणवून घेणं थांबवा असंही सुनावलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त शांतपणे उत्तर दिलं. परत गेल्यावर सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात यायची परवानगीच नाकारली. त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये आपल्या पाच मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, केली, आणि त्यांच्याच कम्युनिस्ट पक्षाने त्यावरून त्यांना जाहीर समज दिली. टाटांची नोकरी केव्हाच सुटली होती. दोन्ही घरं नाराज. हा माणूस मला इथे सगळ्यात जवळचा वाटतो. कुणाच्याही यादीत पूर्ण न बसणारा, आणि त्याचं त्याला फारसं काही न वाटणारा.

आता 1929. तोवर मजूर पक्षाने बॅटरसीची ऐकत नसलेली शाखा 1926 मध्ये बरखास्त करून नवी उभी केली होती. कम्युनिस्टांचंही धोरण बदललं, मजूर पक्ष हाच शत्रू असं मॉस्कोहून ठरलं. 30 मे 1929. एकविशीच्या सगळ्या बायकांना पहिल्यांदा मत. मजूर पक्षाचा उमेदवार स्टीफन सँडर्स. आणि सँडर्सचा एजंट? जॉन आर्चर.

सात वर्षांपूर्वी ज्या माणसाने सकलातवालांसाठी गल्ली न् गल्ली पालथी घातली, तोच त्याच गल्ल्यांत दुसऱ्याचं नाव सांगत फिरला. सँडर्स निवडून आला. सकलातवालांना 6,554. निम्म्याहून अधिक मतं गेली. मुंबईच्या गोष्टीत हा भाग नसतो, कारण तो सांगितला तर आधीचा अभिमान कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. 1924 मध्ये बॅटरसीचे लोक उदार होते आणि 1929 मध्ये कोते झाले, असं तर म्हणता येत नाही. माणसं तीच. सकलातवालांचा रंगही तोच, आणि मुंबईही तीच. ज्या संघटनेने त्यांना आपलं म्हणून उचललं होतं, तिनेच हिशेब करून खाली ठेवलं. मला वाटतं यात त्यांचा मानच आहे. त्यांना कुणी हिंदी म्हणून कौतुकाने निवडलं नाही आणि हिंदी म्हणून पाडलंही नाही. भाडं, बेकारी, संप, आयर्लंड, आणि आपल्या संघटनेत कोण राहिलं आणि कोण गेलं, यावर ते जिंकले आणि हरले. इतर कुठल्याही खासदारासारखे. आर्चरला त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार करते. एजंट लोक सहसा आठवणी लिहीत नाहीत. तो 1932 मध्ये गेला.

1931 ला 3,021 मतं. एकूण मतांचा आठवा हिस्सा पडला नाही तर 150 पौंडांची अनामत जप्त, तशी झाली. त्या लाटेत सँडर्सही पडला आणि हुजूर पक्षाचा आर्थर मार्सडेन आला. 1935 ला पुन्हा सँडर्स. सकलातवाला 1936 च्या जानेवारीत वारले, पारशांच्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत, जिथे मामा जमशेटजी आहेत, तिथेच त्यांच्या अस्थी आहेत. स्पेनच्या यादवीत लढायला गेलेल्या ब्रिटिश तुकडीला अधिकृत नाव सकलातवालांचं होतं.

त्यानंतरची बॅटरसी नॉर्थ तक्त्याच्या दृष्टीने कंटाळवाणी आहे. 1946 च्या पोटनिवडणुकीत डग्लस जे आला आणि 1983 पर्यंत, सदतीस वर्षं, तोच. 1983 मध्ये मतदारसंघच रद्द होऊन पुन्हा एक बॅटरसी झाली. त्याच वर्षी नदीकाठचं वीजकेंद्र बंद पडलं. आता त्याच्या चार चिमण्यांखाली मॉल आहे, आणि वर राहायचं भाडं ऐकून लॅचमियरच्या गवंड्यांना घेरी आली असती. नव्या बॅटरसीने हुजूर-मजूर असे हेलकावे खाल्ले. 2005 मध्ये मजूर पक्षाचा मार्टिन लिंटन 163 मतांनी तगला. सकलातवालांचा 186 चा पराभव त्याच्या शेजारी मोठा वाटतो.

राहता राहिलं माझं मत. भारतीय पासपोर्टावर इथे राहणाऱ्या माणसाला ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून. हे मी सांगितलं की ठाण्याचे नातेवाईक मला वेड्यात काढतात. तिथल्या यादीत माझं नाव आहे की नाही हे दर वेळी कुणीतरी जाऊन बघायला लागतं. इथे मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून माझा निळा पासपोर्ट चालला. शाई नाही, बोटाचा फोटो नाही, दोरीला बांधलेली पेन्सिल.

2024 च्या जूनमध्ये एका संध्याकाळी एका पक्षाचा कार्यकर्ता दारात आला. पंचविशीचा मुलगा, हातात यादी. माझं आडनाव त्याने दोनदा चुकीचं आणि तिसऱ्यांदा जवळपास बरोबर उच्चारलं, आणि मग त्याचा चेहरा खुलला. तो केरळला जाऊन आला होता. बोटीवर राहिला होता. आपल्या लोकांबद्दल त्यांच्या पक्षाला किती आस्था आहे, दिवाळीला त्यांचे उमेदवार कुठे कुठे जातात, हे सांगायला त्याने सुरुवात केली. मी म्हटलं, "ते राहू दे. आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे, चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरलेल्या नाहीत, आणि देखभालीचा आकार मात्र वाढलाय. तुमच्या उमेदवाराचं त्यावर काय म्हणणं आहे?" केरळ तिथेच संपलं. त्याने यादी उलटी केली, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "चौथा मजला म्हणालात ना? आजींचं नाव काय?"